मामाच्या परड्यातून गुरूचा फोटो: हा खरा, की एआयचा?

ज्यांनी हा भाग एसटीत किंवा जिममध्ये अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित अवतार. बोलताना झालेलं ‘अं… म्हणजे’ काढून टाकलंय. आकडे नुसते ऐकून डोक्यात बसत नाहीत, म्हणून ते इथे नीट लिहिलेत.

तर झालं असं. जानेवारीत आजोळी राधानगरीला गेलो होतो. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती. म्हणजे सूर्य, पृथ्वी, गुरू साधारण एका रेषेत, आणि मध्ये आपण. त्या दिवसांत गुरू वर्षातला सगळ्यात जवळ असतो, सूर्य मावळला की उगवतो आणि रात्रभर दिसतो. जवळ म्हणजे तरी सुमारे ६३ कोटी किलोमीटर! त्याच आठवड्यातल्या एका रात्री मामाच्या परड्यात माझी आठ इंची दुर्बीण लावली आणि अकराच्या सुमारास फोटो काढला. सकाळी चहाला मामाला दाखवला. तपकिरी पट्टे, त्यांच्या कडांची नक्षी आणि बरोबर मध्यावर तो प्रसिद्ध लालसर डाग.

मामानं मोबाइल लांब धरून बघितलं. “भारी हाय. नेटवरनं घेतलास व्हय?”

“नाही मामा, काल रात्री तुमच्याच परड्यात काढला.”

“मग एआय आसंल. काल मी बी त्यातनं बघितलं की. गोटीएवढं पांढरं कायतरी थरथरत हुतं. ह्यात पट्टं कुटनं आलं?”

आधी मला राग आला. मग वाटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. दुर्बीण तीच, परडं तेच, रात्र तीच. मग डोळ्याला जे दिसलं नाही ते फोटोत आलं कुठून? आणि तो फोटो मी बनवला नाही, ‘काढला’, हे मामाला पटवायचं कसं? आजचा भाग त्यावरच आहे.

अंधार नको, शांत हवा हवी

राधानगरी म्हटलं की सगळे म्हणतात, वा, दाजीपूरचं जंगल शेजारी, काय अंधार असेल! अंधार आहेच. अमावास्येच्या आसपास आकाश स्वच्छ असलं तर आकाशगंगा साध्या डोळ्यांनी दिसते. पण ग्रहांच्या फोटोला अंधाराचा काडीचा उपयोग नाही. गुरू इतका तेजस्वी आहे की एका फ्रेमचं एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकंच असतं, आणि तेवढ्यात शहराचा उजेड कॅमेऱ्यात उमटतच नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्चीवरूनही हाच फोटो निघू शकतो. मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनो, ‘आमच्याकडे तारेच दिसत नाहीत’ हे कारण ग्रहांसाठी चालणार नाही.

अडचण असते ती हवेची. गुऱ्हाळावर गेला असाल तर आठवा. चुलवाण पेटलेलं असतं, त्याच्यावरून पलीकडे उभा असलेला माणूस बघितला तर तो लाटांसारखा हलताना दिसतो. माणूस स्थिर असतो. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात, आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. आपल्या डोक्यावरच्या हवेत हेच चालू असतं, फक्त हळुवारपणे. साध्या डोळ्यांना ते ताऱ्यांचं लुकलुकणं वाटतं. दुर्बिणीतून दीडशे पट मोठं करून बघितलं की तीच लुकलुक थरथर होते.

आता आकडे. आकाशातली मापं आपण अंशात मोजतो. अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद, पंचांगवाल्यांच्या भाषेत विकला. पूर्ण चंद्र साधारण १,८०० विकलांचा. गुरू जानेवारीत होता ४६ विकलांचा, म्हणजे चंद्राच्या रुंदीत जवळपास ३९ गुरू मावले असते. माझ्या आठ इंची आरशाची क्षमता साधारण ०.६ विकलांपर्यंतचे बारकावे वेगळे दाखवण्याची आहे. पण नेहमीच्या रात्री हवाच सगळं दोन-तीन विकलांइतकं फासून टाकते. दुर्बीण कितीही चांगली घ्या, हवा तिची अक्कल चौपटीनं कमी करते.

म्हणून जागा निवडायची ती हवा बघून. मी पहिल्या वर्षी हौसेनं मामाच्या स्लॅबवर दुर्बीण चढवली होती. चूक. स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत उष्णता सोडत बसतो. पत्र्याच्या छपरावरून बघणं त्याहून वाईट. परड्यात, गवतावर, घराच्या भिंतीपासून जरा लांब, हे सगळ्यात बरं. दुर्बीणही संध्याकाळी सातलाच बाहेर काढून ठेवायची, कारण घरातल्या उबेतून आलेला आरसा गार व्हायला तासभर तरी लागतो, आणि तोवर नळीतल्या नळीतच चुलवाण पेटलेलं असतं.

अजून एक उलटी गोष्ट. थंडीत इथे खोऱ्यात हवा साचते, उसाच्या फडातलं पाचट पेटवलेलं असतं, आकाश दुधाळ होतं. तारे बघणारे अशा रात्री वैतागून झोपतात. पण वारा पडलेला असतो म्हणून बऱ्याचदा गुरू अशाच रात्री दगडासारखा स्थिर दिसतो. उलट पावसानंतर धुऊन निघालेलं, हिऱ्यासारखं आकाश असतं तेव्हा तारे झगमग झगमग करतात. दिसायला सुंदर, फोटोला बेकार.

१६ अंशांची देणगी, आणि तिची कटकट

राधानगरी साधारण १६.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या हिवाळ्यात गुरू मिथुन राशीत, आकाशाच्या विषुववृत्तापासून २२ अंश उत्तरेला होता. वजाबाकी केली तर मध्यरात्रीनंतर तो क्षितिजापासून ८४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. डोक्यावर असलेल्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो. तीस अंशांवरच्या ग्रहाला याच्या दुप्पट हवा पार करावी लागते.

हे भाग्य किती मोठं आहे ते लंडनवाल्याला विचारा. २०१९-२० मध्ये गुरू आकाशाच्या दक्षिण भागात होता, तेव्हा आपल्याकडे तो ५० अंशांच्या वर चढत होता आणि लंडनमध्ये जेमतेम १६. ग्रहांच्या फोटोंसाठी जगभर नावाजलेले इंग्लंडचे डेमियन पीच यासाठीच बार्बाडोससारख्या बेटांवर जाऊन फोटो काढत आलेत. फिलिपिन्समध्ये सेबू नावाचं शहर आहे, आपल्याहूनही विषुववृत्ताच्या जवळ. तिथले ख्रिस्तोफर गो हे हौशी निरीक्षक. फेब्रुवारी २००६ मध्ये गुरूवरचं एक पांढरं वादळ लाल झालंय, हे त्यांच्या घरच्या दुर्बिणीतल्या फोटोंतून जगाला कळलं. जुलै २००९ मध्ये गुरूवर काहीतरी आदळून पडलेला काळा डाग ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली या हौशी माणसानं पहिल्यांदा टिपला, आणि मग मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. अंगणातला फोटो खरा असणं किती महत्त्वाचं आहे, ते या दोन गोष्टींवरून समजावं.

आता कटकट. माझी दुर्बीण डॉब्सोनियन, म्हणजे तोफेसारखी: वर-खाली आणि डावी-उजवी हातानं ढकलायची, मोटर नाही. ग्रह बरोबर डोक्यावर आला की ती तोफ उभी होते, आणि डावी-उजवी ढकलून ग्रह काही सरकत नाही, नळी जागच्या जागी गोल फिरते. म्हणजे हवा सगळ्यात चांगली तेव्हाच दुर्बीण सगळ्यात हट्टी! उपाय एकच, माथ्यावर येण्याच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर काम उरकायचं. तेव्हाही गुरू ६५ अंशांच्या वर असतोच.

एक फोटो नाही, बारा हजार

हवेची थरथर कधी जास्त, कधी कमी असते. अधूनमधून सेकंदाच्या काही भागापुरती ती जवळपास थांबते. आयपीसला डोळा लावून पाच मिनिटं चिकाटीनं बसलात तर तुम्हालाही कळेल: मध्येच सगळं एकदम लख्ख होतं आणि परत विरघळतं. मामा दहा सेकंद बघून उठला होता, त्यामुळे त्याला तो क्षण मिळालाच नाही.

कॅमेरा मात्र कंटाळत नाही. म्हणून ग्रहाचा ‘फोटो’ काढायचाच नाही, व्हिडिओ काढायचा. सेकंदाला शंभर फ्रेम, आणि मग त्यातल्या लख्ख तेवढ्या निवडायच्या. याला लकी इमेजिंग म्हणतात, आणि यातल्या नशिबाचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलं. त्यात एक मजा आहे. हवेतल्या शांत तुकड्याच्या पाचपट रुंद दुर्बीण असेल तर साधारण नवातली एक फ्रेम चांगली येते. सातपट असेल तर पावणेचारशेतली एक, आणि दहापट असेल तर दहा लाखांत एक! म्हणजे खराब हवेत दुर्बीण मोठी केली की नशीब कमी होतं. ‘मोठी घेऊ का?’ असं विचारणाऱ्या सगळ्यांना माझं उत्तर हेच: सहा किंवा आठ इंची घ्या आणि रात्री जास्त जागा.

माझा कॅमेरा छोटा आहे, मध्ये दुप्पट करणारी बार्लो लेन्स. एवढं करूनही गुरूची प्रतिमा सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरची पडते, साधारण १८५ पिक्सेल रुंद. मोटर नसल्यामुळे पृथ्वीच्या फिरण्यानं गुरू अर्ध्या मिनिटात या टोकाकडून त्या टोकाकडे निघून जातो. मग ढकलायचं, थरथर थांबू द्यायची, पुन्हा अर्धं मिनिट. असे चार तुकडे. जास्त वेळ चालत नाही, कारण गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. तीन मिनिटांत त्याच्या मध्यावरचा डाग पाऊण विकला सरकतो आणि चित्र त्याच्याच फिरण्यानं पुसट होतं.

चार तुकडे म्हणजे १२,००० फ्रेम, सुमारे २५ जीबी. पीआयपीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये गुरू शोधून, भोवतालचं काळं कापून टाकतं, मग उरतात दोनेक जीबी. त्यापुढे ऑटोस्टॅकर्ट. तेही फुकट. ते प्रत्येक फ्रेमला कडा किती ठसठशीत आहेत त्यावरून गुण देतं, उतरत्या क्रमानं लावतं, आणि वरच्या समजा १५ टक्के, म्हणजे १,८०० फ्रेम एकमेकांवर नीट बसवून त्यांची सरासरी काढतं. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत स्कोअर, सॉर्ट, स्लाइस, मीन. बस्स. यात कुठेही एआय नाही.

सरासरीनं काय होतं? प्रत्येक फ्रेममध्ये सेन्सरचे दाणे दाणे असतात, पण ते दर वेळी वेगळ्या जागी. पट्टे मात्र दर वेळी त्याच जागी. १,८०० वेळा बेरीज केली की खरं ते टिकतं आणि दाणे वर्गमुळाच्या हिशेबानं कमी होतात, म्हणजे साधारण ४२ पट. कोजागरीला सगळे एकदम बोलत असतात तेव्हा कुणाचंच ऐकू येत नाही, पण सगळ्यांनी एकच आरती धरली की शब्द कळतात, तसं. हेच तंत्र चंद्रावर वापरून पुण्याच्या प्रथमेश जाजूनं २०२१ च्या मे महिन्यात सोळाव्या वर्षी पन्नास हजारांहून जास्त प्रतिमांचा, १८६ जीबी डेटाचा फोटो बनवला होता. त्या फोटोची बातमी देशभर झाली, आठवत असेल.

तुमच्याकडे कॅमेरा नसेल तर फोनही चालतो, खरंच. आयपीसवर फोन धरणारा क्लॅम्प घ्या, हातानं धरून काही होणार नाही. व्हिडिओ मोड, ६० फ्रेम. स्क्रीनवर गुरूवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आणि मग एक्स्पोजर खाली ओढा, अजून ओढा. भोवती काळं दिसतं म्हणून फोन उजेड वाढवतो, आणि गुरूचा पांढरा बल्ब होतो. पट्टे दिसू लागले की थांबा. नाइट मोड बंद. ‘सीन’ ओळखून फोटो आपोआप सुधारणारं जे काही असेल तेही बंद, कारण मामाला नेमकी त्याचीच शंका आहे.

खोटं कुठे शिरतं

आता मामाच्या बाजूनं बोलतो. सरासरी काढलेलं चित्र मऊ असतं, त्यात पट्टे असतात पण झाकलेले. ते धारदार करायला रेजिस्टॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे स्लायडर असतात. आणि स्लायडर दिसला की माणूस तो ओढतोच.

जानेवारी २०२५ मध्ये मंगळाची प्रतियुती होती. मी फोटो काढला, स्लायडर ओढले, आणि मंगळाच्या एका कडेला आतल्या बाजूनं बारीक वक्र रेघ उमटली. मला वाटलं, ढग! मंगळावरचे ढग माझ्या दुर्बिणीत! चार ग्रुपवर पाठवून मोकळा झालो. एका अनुभवी निरीक्षकानं शांतपणे लिहिलं, स्लायडर निम्म्यावर आणून बघ. आणला. ढग गेले. तेजस्वी कडेला धार लावली की अशी खोटी साल सुटते, आणि ती सॉफ्टवेअरचीच असते. चारही ग्रुपवर ‘ते ढग नव्हते’ असं लिहिताना कान गरम झाले होते.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. एखादी बारीक गोष्ट खरी मानायची तर ती वेगळ्या वेळी घेतलेल्या दोन व्हिडिओंत, वेगवेगळ्या प्रक्रियेनंतर, दोन्हीकडे दिसली पाहिजे. आणि ती ग्रहाबरोबर फिरली पाहिजे. मूळ व्हिडिओ मी पुसत नाही, हार्ड डिस्क भरली तरी.

मामाची परीक्षा

तर त्या सकाळी मामासमोर आधी मूळ व्हिडिओ लावला. “हां, हे काल दिसल्यालं तेच,” हे मान्य झालं. मग स्टेलॅरियम उघडलं, राधानगरी, कालची तारीख, रात्री अकरा. गुरूचे चार मोठे चंद्र कुठे असायला हवेत ते त्यात दिसतं. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये रात्रीमागून रात्री कागदावर मांडले तेच चार. माझ्या फ्रेममध्ये ते त्याच जागी होते, त्याच क्रमानं. मामा म्हणाला, “त्यातनंच बघून काढलंस की!” आता काय बोलणार?

मग त्यालाच सुचलं. “त्यो लाल डाग आज रात्री कुटं आसंल सांग. आधी सांग, मग काढ.”

हा प्रश्न मला स्वतःला सुचायला हवा होता. गणित सोपं आहे. डाग मध्यावर होता रात्री ११ ला. दोन फेऱ्या म्हणजे १९ तास ५१ मिनिटं, म्हणजे आज तो संध्याकाळी ६:५१ ला मध्यावर येऊन जाईल, गुरू तेव्हा क्षितिजाजवळ. रात्री ११ ला तो पलीकडच्या बाजूला. म्हणून मी सांगितलं, आज अकराला डाग दिसणारच नाही. पाच फेऱ्या म्हणजे ४९ तास ३८ मिनिटं. त्यामुळे उद्या मध्यरात्रीनंतर १२:३८ ला बरोबर मध्यावर. मामानं कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहून ठेवलं, दुधाच्या हिशेबाशेजारी.

पहिल्या रात्री डाग नव्हता. मामाचं म्हणणं, नको असंल तर पुसता बी येतंय. दुसऱ्या रात्री साडेबाराला तो कांबळं पांघरून खुर्ची घेऊन आला, मामी दारातून ‘दवात बसू नका’ म्हणत होती. आणि नेमका तेव्हा गुरू माथ्यावर, तोफ उभी! वीस मिनिटं ढकलाढकली करून मी हात टेकले. दीड वाजता गुरू पश्चिमेला कलला तेव्हा कुठे चार तुकडे मिळाले. पण गुरू तासाला ३६ अंश फिरतो, त्यामुळे मी आधीच म्हणालो, आता मध्यावर नसेल, कडेकडे सरकलेला असेल. लॅपटॉपवर स्टॅक व्हायला दहा मिनिटं लागली. डाग कडेकडे सरकलेला होता. मामानं स्क्रीनवर बोट ठेवून मध्यापासून तिथपर्यंत अंतर मोजलं आणि म्हणाला, “बरोबर हाय.” मग आयपीसला डोळा लावला आणि या वेळी पाच मिनिटं उठला नाही. “एक पट्टा दिसतोय रं,” एवढंच म्हणाला.

पुढच्या काही वर्षांचा हिशेब

राधानगरीत जून ते सप्टेंबर आकाश नसतंच. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात तेव्हा दुर्बीण पिशवीत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद असते, नाहीतर लेन्सला बुरशी येते. आणि गुरूची प्रतियुती दरवर्षी साधारण महिनाभर पुढे सरकते. २०२७ ला फेब्रुवारी, २०२८ ला मार्च, २०२९ ला एप्रिल, २०३० ला मे, म्हणजे काजवे बघायला लोक येतात ते दिवस. २०३१ ला जून, २०३२ ला जुलै. शिवाय तोवर तो दक्षिणेला उतरलेला असेल. म्हणून गुरू काढायचा असेल तर ही पुढची चार वर्षं.

शनीचं उलट. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेनं दिसत होती, एक रेघ. आता ती वर्षागणिक उघडत जातील, २०३२ च्या सुमारास पूर्ण. आणि त्याची प्रतियुती पावसातून बाहेर पडतेय: ४ ऑक्टोबर २०२६, २०२८ ला ऑक्टोबरची अखेर, २०२९ ला नोव्हेंबर. मंगळ १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, पण लहान, १४ विकलांचा. तो खरा मोठा येईल सप्टेंबर २०३५ ला, आणि तेव्हा राधानगरीत काय असेल ते तुम्हाला माहीतच आहे.

विकत घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात. फोनवर काढलेले व्हिडिओ असतील तर मला पाठवा, वेळ आणि गाव लिहून. मूळ व्हिडिओच पाठवा, फिल्टर लावलेला नको. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन स्टॅक करून दाखवतो. मामानंही एक पाठवलाय. त्यात गुरूपेक्षा परड्यातला शेवगाच जास्त आहे, पण फोकस बरोबर आहे.